मद्यार्क, मळी आणि नारायण पेठ

सेंद्रिय रसायनाच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात अल्कोहोलच्या प्रकरणाचे दोन भाग असतात. पहिल्यात अल्कोहोल तयार करण्याच्या रीती, दुसऱ्यात त्याच्या अभिक्रिया. इथिलीन वायू आणि पाण्याची वाफ यांचा फॉस्फोरिक आम्लाच्या सान्निध्यात, मोठ्या दाबाखाली आणि सुमारे ३०० अंश तापमानाला संयोग केला की इथाइल अल्कोहोल मिळते, हे विद्यार्थी पहिल्या भागात शिकतो. अल्कोहोलची वाफ तापलेल्या अ‍ॅल्युमिनावरून नेली की त्यातले पाणी निघून जाते आणि इथिलीन उरते, हे तो दुसऱ्या भागात शिकतो. क्रिया एकच, बाण उलटा. पुस्तक दोन्ही बाण छापते आणि पुढच्या प्रकरणाकडे वळते. कोणत्या देशाने कोणता बाण धरून कारखाने उभारले आणि का, हे सांगणे त्याचे काम नव्हे. अमेरिकेने आणि युरोपने विसाव्या शतकाच्या मध्यापासून खनिज तेलातून आलेल्या इथिलीनपासून औद्योगिक अल्कोहोल केले. महाराष्ट्राने, आणि एकूणच भारताने, त्याच काळात उसाच्या मळीतून आलेल्या अल्कोहोलपासून इथिलीन केले. या उलट्या बाणाचे कारण प्रयोगशाळेपेक्षा अबकारीच्या कायद्यात अधिक सापडते, असे माझे म्हणणे आहे. आणि अबकारीचा कायदा नुसता सचिवालयात घडत नाही. त्याच्यामागे लोकमत असते, आणि पश्चिम भारतात ते लोकमत जिथे घडले त्या जागांमध्ये पुण्याच्या नारायण पेठेचा क्रमांक बराच वर लागतो.

नारायण पेठ हे नाव नारायणराव पेशव्यांवरून पडले. या पेठेचा अल्कोहोलशी संबंध आला तो भट्टीतून नव्हे, छापखान्यातून. पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्यात मद्यावर निर्बंध होते आणि सरकारच्या तोफखान्यात चाकरीला असलेल्या ख्रिस्ती गोलंदाजांना मात्र सवलत होती, हे न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशांवर लिहिताना नोंदवले आहे. म्हणजे बंदी आणि गरजेपुरता अपवाद ही जोडी इंग्रजांच्या आधीपासूनची. इंग्रजांनी तिला महसुलाचे रूप दिले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या आवळून दारू गाळण्याचे काम मोजक्या आसवन्यांत आणण्याकडे सरकारचा कल राहिला, आणि कर बसू लागला तो दारूच्या तीव्रतेवर. ५७.१ टक्के अल्कोहोल म्हणजे लंडन प्रूफ, आणि प्रूफ गॅलनमागे अमुक इतका कर. काचेच्या नळीत तरंगणारा द्रवघनतामापक हे रसायनाचे साधन या मुलखात अनेक ठिकाणी शाळा-कॉलेजांच्या आधी अबकारीच्या शिपायाबरोबर पोचले असावे. १८९२ च्या मोहवा कायद्याने तर ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. आदिवासीच्या घरातले वाळलेले फूल हा सरकारच्या दृष्टीने कच्चा माल झाला तो असा, गुन्ह्याचा कच्चा माल म्हणून.

टिळकांनी सयाजीराव गायकवाडांचा नारायण पेठेतला वाडा १९०५ मध्ये घेतला आणि ‘केसरी’ तिथे आला. दारूवर ‘केसरी’च्या वर्तुळाचा जो मुख्य आक्षेप होता त्यात धर्मापेक्षा हिशेब जास्त होता. परके सरकार व्यसनावर कर लावते, त्या कराच्या लोभाने गुत्ते वाढवते आणि वर लोकांना संयम शिकवते, असा तो युक्तिवाद. एप्रिल १९०८ मध्ये पुण्यात स्वयंसेवकांनी गुत्त्यांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना परत फिरवायला सुरुवात केली. टिळकांचा त्यांना उघड पाठिंबा होता. सरकारने मनाई हुकूम काढले, स्वयंसेवकांवर खटले भरले. त्याच वर्षी २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. ती अर्थात मुझफ्फरपूरच्या बाँबनिमित्त लिहिलेल्या लेखांसाठी होती, दारूसाठी नव्हे. पण गुत्त्यापुढची ती निरोधने विसरली गेली नाहीत. दारूबंदी ही राष्ट्रीय चळवळीची मागणी झाली, पुढे काँग्रेसच्या कार्यक्रमात बसली आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा ती सरकारी धोरण होऊन बाहेर पडली. १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली.

इथे पहिला आक्षेप येईल तो असा की या मंडळींना औद्योगिक अल्कोहोलची कल्पनाच नव्हती. त्यांच्यापुढे होता तो पिणारा माणूस आणि त्याचे उपाशी घर. आक्षेप बराचसा खरा आहे. पण त्याच दशकात दुसरी दृष्टीही हजर होती, आणि योगायोग असा की ती त्याच गायकवाडांच्या राज्यात होती ज्यांचा वाडा टिळकांकडे आला. १९०७ मध्ये बडोद्यात अलेम्बिक कंपनी निघाली. तिच्यामागे प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचे मार्गदर्शन आणि त्यांच्या शिष्यांपैकी कोटीभास्कर व भाईलाल अमीन यांची खटपट होती. टिंक्चर आणि अल्कोहोल हा या कंपनीचा सुरुवातीचा माल. स्वदेशी औषधाला अल्कोहोल लागते. वनस्पतीतला अर्क पाण्यात उतरत नाही तो त्यात उतरतो. आणि ईथर, क्लोरोफॉर्म, आयोडोफॉर्म ही त्या काळच्या दवाखान्यातली नेहमीची नावे सगळी अल्कोहोलच्याच अभिक्रियांतून येतात. तीव्र गंधकाम्लाबरोबर १४० अंशांना तापवले तर दोन रेणूंमधून मिळून एक पाणी जाते आणि ईथर मिळते. तापमान १७० पर्यंत चढवले तर एकाच रेणूतून पाणी जाऊन इथिलीन मिळते. तीस अंशांच्या फरकावर शस्त्रक्रियेची भूल किंवा प्लास्टिकचा कच्चा माल, अशी ही निवड. स्वदेशी आणि दारूबंदी या दोन्ही मागण्या एकाच पेठेतून, बहुधा एकाच अंकातून निघत होत्या, पण त्या एकमेकींच्या वाटेत येतात हे तेव्हा कुणाला फारसे जाणवले नाही. कारण पुण्याच्या आसपास तेव्हा अल्कोहोलचा एवढा मोठा साठाच नव्हता.

तो आला साखरेबरोबर. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि देशभर कारखाने निघाले. साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर जो काळा, चिकट द्रव उरतो ती मळी. एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो. तिच्यात निम्म्याच्या आसपास साखरच असते, पण ती स्फटिक होऊन बाहेर यायला तयार नसते. यीस्टला मात्र ती चालते. सुरुवातीला या मळीचे करायचे काय हा कारखानदारांपुढचा प्रश्नच होता. कित्येक ठिकाणी ती ओढ्या-नाल्यांत सोडली जाई. म्हैसूर संस्थानाने मंड्याला, निजामाने बोधनला तिच्यापासून अल्कोहोल करून ते पेट्रोलमध्ये मिसळण्याची वाट धरली. संयुक्त प्रांताने १९४० मध्ये त्यासाठी कायदाच केला आणि १९४८ मध्ये केंद्राने पॉवर अल्कोहोलचा कायदा आणला. मुंबई प्रांताने त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, जो कायदा केला तो दारूबंदीचा. त्यात ‘दारू’च्या व्याख्येत अल्कोहोल असलेला कोणताही द्रव बसत होता. कफावरचे औषध आणि कोलोनचे पाणीही त्यातून सुटले नाही. एफ. एन. बलसारा यांनी न्यायालयात आव्हान दिले, आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला तरी अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने यांवरची बंदी तेवढी रद्द केली. मळीचे नियम १९५५ मध्ये आले, तेही याच कायद्याखाली. साखर कारखान्याच्या टाकीतली मळी दारूबंदी खात्याच्या नोंदवहीत शिरली.

या कथेतला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील असा. पुण्यात पाषाण इथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची (एनसीएल) कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी बसवली गेली, आणि ती बसवली दारूबंदीचे पुरस्कर्ते मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनीच. ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. एकाच माणसाच्या हातून अल्कोहोलला बंदिस्त करणारा कायदा आणि अल्कोहोलचा रेणू खोलून पाहणारी प्रयोगशाळा, दोन्ही. यात विसंगती आहे असे सहज म्हटले जाते. मला ती विसंगती वाटत नाही. पिण्याचे गिऱ्हाईक कायद्याने बाहेर काढले की मळीतून निघणाऱ्या अल्कोहोलला उरते ते एकच मोठे गिऱ्हाईक, कारखाना. नारायण पेठेतल्या संपादकांनी मागितले नव्हते, खेरांनीही बहुधा योजले नव्हते, पण दारूबंदीने अल्कोहोल-रसायनाला एक राखीव कच्चा माल मिळवून दिला.

यावर जाणकार लगेच बोट ठेवतील: उत्तर प्रदेशात मुंबईसारखी सरसकट बंदी नव्हती, तरी तिथेही अल्कोहोलचे रसायन वाढले, बरेलीचा सिंथेटिक्स अँड केमिकल्सचा कारखाना १९६० च्या दशकात अल्कोहोलपासून ब्यूटाडाइन आणि त्यापासून कृत्रिम रबर करत होता. मग दारूबंदीला श्रेय कशाला? मळी मुबलक होती, परकीय चलन नव्हते, खनिज तेल आयात करायचे. एवढे कारण पुरेसे नाही का? नाही. मळी मुबलक १९३५ मध्येही होती आणि ती ओढ्यात जात होती. आणि मळी मुबलक १९९५ मध्येही होती, तेव्हा अल्कोहोलपासून इथिलीन करणारे एकामागून एक थांबत होते. मधल्या काळात जे वेगळे होते ते किमतीचे नियंत्रण. १९६१ च्या मळी नियंत्रण आदेशाने केंद्राने मळीची कमाल किंमत बांधून दिली, वाटपही सरकारच्या हाती ठेवले. मुंबई राज्यात बंदीने आणि देशभर भावनियंत्रणाने, दोन वेगळ्या मार्गांनी, एकच गोष्ट साधली: अल्कोहोलची किंमत बाजाराने ठरवली नाही. म्हणून मी फक्त दारूबंदी म्हणत नाही, अबकारी आणि नियंत्रण म्हणतो. दारूबंदीने त्याला नैतिक वजन दिले एवढेच, पण ते वजन कमी नव्हते; मळीवर सरकारचा हक्क आहे हे महाराष्ट्रात कुणाला पटवून द्यावे लागले नाही.

किंमत इतकी निर्णायक का, ते रेणूंच्या वजनांवरून दिसते. १८० ग्रॅम ग्लुकोज आंबवले तर पुस्तकी हिशेबाने ९२ ग्रॅम अल्कोहोल मिळते, बाकीचे कर्बवायू होऊन उडून जाते. ४६ ग्रॅम अल्कोहोलमधून १८ ग्रॅम पाणी काढून टाकले की उरते २८ ग्रॅम इथिलीन. म्हणजे १०० किलो साखरेमागे ५१ किलो अल्कोहोल आणि ३१ किलो इथिलीन, तेही यीस्ट आणि यंत्र दोन्ही अचूक चालली तर. दोन तृतीयांशांहून अधिक माल हवेत आणि पाण्यात गमावून इथिलीन करणे हा धंदा मळी जवळपास फुकट असेल तरच परवडतो. आणि मुंबईत तर परीक्षा शेजारी शेजारीच होती. १९६६ मध्ये तुर्भ्याला (ट्रॉम्बे) युनियन कार्बाइडचा आणि १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा नाफ्था क्रॅकर सुरू झाला. खनिज तेलाचे इथिलीन आणि मळीचे इथिलीन एकाच महानगरात भेटले. तरीही मळीचा मार्ग आणखी पाव शतक टिकला, हे रसायनशास्त्राने समजावता येत नाही.

ज्यांना ही मांडणी विज्ञानावर अन्याय करणारी वाटेल त्यांना पाषाणच्या प्रयोगशाळेतले एक काम दाखवता येईल, आणि ते दाखवावेच. पॉलिस्टायरीनसाठी आधी इथाइलबेंझीन लागते. जुनी रीत अशी की अल्कोहोलचे इथिलीन करायचे, ते वेगळे काढायचे, मग अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरून बेंझीनला जोडायचे. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड यंत्रे खाते, एकदा वापरले की वाया जाते आणि मागे आम्लयुक्त घाण ठेवते. एनसीएलमध्ये पॉल रत्नसामी यांच्या गटाने एन्सिलाइट हा झिओलाइट विकसित केला होता. त्याच्या ठरावीक मापाच्या छिद्रांमध्ये अल्कोहोल आणि बेंझीन यांची थेट गाठ घालता आली. मधला इथिलीनचा टप्पा वेगळा काढायची गरज उरली नाही. अल्कोहोल आणि बेंझीन ही दोन्ही नावे जोडून या प्रक्रियेला ‘अल्बीन’ म्हटले गेले आणि विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान पॉलिमर्समध्ये ती कारखान्याच्या मापाने चालली. भारतीय रसायनशास्त्रातली ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. पण प्रश्न असा की जगातल्या मोठ्या तेल कंपन्यांना सोडून पुण्यातल्या शास्त्रज्ञांना हाच प्रश्न का पडला? कारण इथे अल्कोहोल स्वस्त ठेवलेले होते. उत्तर प्रयोगशाळेचे, पण प्रश्न कायद्याने घातलेला.

१० जून १९९३ ला मळीवरचे नियंत्रण उठले. आयातही त्याच काळात मोकळी होत होती. दारू गाळणारे आणि रसायने करणारे एकाच मळीसाठी समोरासमोर आले आणि किंमत ठरवण्याचा मान पहिल्यांना मिळाला, कारण पिणारा माणूस स्टायरीनच्या कारखान्यापेक्षा जास्त पैसे मोजतो. इथे मात्र रसायनशास्त्राला त्याचे श्रेय दिले पाहिजे. सगळे अल्कोहोल-रसायन बुडाले नाही. बुडाले बहुतांश ते, ज्यात रेणूतला ऑक्सिजन फेकून द्यावा लागत होता. जिथे तो ऑक्सिजन शेवटच्या मालातही हवा असतो तिथे अल्कोहोल तग धरून राहिले. अल्कोहोलचे अ‍ॅसिटाल्डिहाइड करताना ४६ ग्रॅममधले ४४ ग्रॅम हाती राहतात. पुढे हवेतला ऑक्सिजन घेऊन अ‍ॅसिटिक आम्ल झाले तर ६० होतात. इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये तर अल्कोहोलचा सांगाडा जवळजवळ अख्खा राहतो. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीचा सोमय्यांचा कारखाना आणि महाडचा लक्ष्मी ऑर्गॅनिक आजही याच मार्गावर आहेत. अपवाद अर्थात आहे: उत्तराखंडातल्या काशीपूरच्या इंडिया ग्लायकॉल्सने मळीच्या अल्कोहोलपासून इथिलीन ऑक्साइड आणि ग्लायकॉल करणे सोडले नाही, आणि वनस्पतिजन्य म्हणून त्याला वेगळे गिऱ्हाईकही मिळाले. बाजार मोकळा झाला की रेणूंचा हिशेब बोलू लागतो, आणि तो बाजार मोकळा असेपर्यंतच बोलतो.

तो फार दिवस मोकळा राहिलाही नाही. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रयोग झाले त्यांतले दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के, २०२२ मध्ये देशभर १०, आणि २०२५ मध्ये २० टक्के. त्यासाठी स्पिरिटमधले शेवटचे पाणी काढावे लागते, आणि ते साध्या ऊर्ध्वपातनाने निघत नाही. वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर अल्कोहोल आणि पाणी एकत्रच उकळतात. पूर्वी त्यात बेंझीन घालून ते काढत, आता झिओलाइटची चाळण वापरतात. हे तंत्र जगभर पोचवणाऱ्यांत १९८३ मध्ये प्रमोद चौधरी यांनी पुण्यात सुरू केलेली प्राज ही कंपनी आहे, आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आसवन्यांना माणसे शिकवून देते. पण साठा कुठे जायचा ते पुन्हा सरकारच ठरवते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला आधी मनाई केली आणि आठवडाभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत ती सैल केली. त्या आठवड्यात अभिक्रियेत काही बदल झाला नव्हता.

राज्याचा अल्कोहोलवरचा संशय निव्वळ महसुलाचा लोभ आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. त्या दारूत मिथाइल अल्कोहोल होते, इथाइलचे धाकटे भावंड, रंगाला आणि वासाला जवळपास सारखे. यकृतातले तेच विकर दोघांवर काम करते. एकाचे अ‍ॅसिटाल्डिहाइड होते, दुसऱ्याचे फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल, जे आधी डोळ्यांच्या नसा आणि मग जीव घेते. दवाखान्यात उतारा म्हणून प्रसंगी इथाइल अल्कोहोलच देतात, म्हणजे विकर त्यात गुंतून राहते. कारखान्यातला द्रव गुत्त्यात जाऊ नये म्हणून त्यात पिरिडीनसारखी दुर्गंधी द्रव्ये घालायची सक्ती कायदा करतो ती याचसाठी. पहारा हवाच. वाद आहे तो पहारेकऱ्याने कारखानाही चालवावा का, एवढाच.

हा वाद न्यायालयांनाही सुटलेला नाही. १९८९ मध्ये, त्याच बरेलीच्या सिंथेटिक्स अँड केमिकल्सच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ठरवले की राज्यांचा अधिकार पिण्याच्या दारूपुरताच. औद्योगिक अल्कोहोल केंद्राचे. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने ते उलटवले. घटनेतल्या ‘मादक मद्य’ या शब्दांत औद्योगिक अल्कोहोलही येते, असे ठरले. न्यायमूर्ती नागरत्ना यांचे मत तेवढे वेगळे पडले. मला त्यांच्या बाजूने कौल द्यावासा वाटतो, कारण टाकीतल्या स्पिरिटला पिण्याच्या दारूच्याच मापाने मोजण्याचा परिणाम काय होतो हे गेल्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्राने पुरेसे पाहिले आहे. निदान इतिहास लिहिणाऱ्यांनी तरी यापुढे पुण्याच्या रसायनाची हकीकत पाषाणच्या अहवालांपुरती लिहू नये. त्यांच्या शेजारी ‘केसरी’च्या १९०८ च्या फायली आणि १९५५ चे मळीचे नियमही उघडून ठेवावेत.